मांडे करणारे हात

आई, तुझे हात मी दोनदा काढले होते. त्यातलं एकच चित्र तू पाहिलंस.

एकोणसत्तरची आखाजी असावी, शाळेत आम्ही जिला अक्षय्य तृतीया म्हणायचो ती. वर्ष नक्की सांगता येत नाही, मी नववीत होते एवढं खरं. धुळ्याच्या आपल्या स्वयंपाकघरात तू चुलीवर खापर पालथं घालून बसली आहेस, पुरणाचा मांडा दोन्ही हातांवर झेलत कोपरापर्यंत वाढवते आहेस, आणि मी उंबऱ्यात कागद घेऊन. चित्रकलेच्या सरांनी सुट्टीत रोज समोर दिसेल ते काढायला सांगितलं होतं. मी म्हणते, "आई, जरा थांब ना, हात तसाच ठेव." तू वर न बघता म्हणतेस, "मी थांबसू, पन मांडा थांबी का? फाटी जाई ना!" आधी मी मांडा बोटांच्या टोकांवर ताणलेला काढला. तू हसलीस, बोट लागलं की भोक पडतं म्हणालीस. मग मी नीट बघू लागले. बोटं आत मिटलेली, भार सगळा मनगटांवर. एक मांडा खापरावर पडेपर्यंत एकच रेघ जमायची, म्हणून पुढच्याची वाट बघायची. असे पंधरा-वीस मांडे झाले तेव्हा हात पुरे झाले. खापराला लागून भाजल्याचे डाग तेवढे मी सोडले. जुने काळे, आणि एक त्याच सकाळचा, लाल. तू चित्र उजेडात धरून बघितलंस. "हाऊ मना हात शे का व? नवी नवरीना दिखस!" तू खूश होतीस.

शाळा उघडल्यावर सरांनी ते चित्र बराच वेळ बघितलं. "खाली विस्तव आहे, आणि हातावर एक डाग नाही? बघून काढलंस ना?" मी म्हणाले, डाग दिसले नाहीत. त्यांनी कागद परत दिला. तू दुपारी तांदूळ निवडत असताना मी तुझ्या नकळत दुसरं चित्र काढलं, डागांसकट. माझ्या हातून तोवर झालेलं ते सर्वांत खरं काम होतं. संमेलनात सरांनी ते भिंतीवर लावलं.

तू आलीस, विचारलंस, "तुनं चित्र कोठे शे?" मी म्हणाले, निवडलं नाही. त्या भिंतीकडे निघालीस तर म्हणाले, तिकडे नुसते नकाशे आहेत. तू माझ्या पाठीवर हात ठेवलास. "जाऊ दे व माय. पुढला साल लावतीन."

तुला वाईट वाटू नये म्हणून मी तसं केलं, असं माझ्या रोजनिशीत तीन-चार ठिकाणी आहे. हे पत्रही त्याच वहीत राहील, म्हणून इथे तरी नीट लिहिते. चित्रासमोर माझ्या मैत्रिणींच्या आया उभ्या होत्या. त्यांनी चित्रावरून नजर उचलून तुझ्या हातांकडे बघावं, हे मला नको होतं. त्या दिवशी घरून निघताना, थंडी आहे, पदर हातांवरून घे, असं मीच तुला सांगितलं होतं. थंडी नव्हती.