विचारूनच येते

सोमवार, ३ मार्च

अखेर मला माझं दार मिळालं! सकाळी सामान आणलं. सामान कसलं, एक ट्रंक, एक वळकटी आणि कात्र्यांचा डबा. दादाच्या घरी मी बोळात झोपायचे आणि पाणी प्यायला उठलेला प्रत्येक जण मला ओलांडून जायचा. इथे एक खोली, ओटा, खिडकीखाली टेबल, भिंतीत माणूस उभा राहील एवढं खोल कपाट. आणि दाराला आतून कडी. दुपारभर ती कडी लावत नि काढत बसले. कुणी बघितलं असतं तर खुळी म्हटलं असतं.

घरमालकीण खालच्या मजल्यावर राहते. साठीची, नीटनेटकी, बोलायला गोड. मला मावशीच म्हण, म्हणाली. एक किल्ली तिच्याकडे असते, नळबिळ फुटला तर असावी म्हणून. म्हटलं, असू दे.

शुक्रवार, ७ मार्च

दुकान इथून चालत जाण्याएवढं जवळ आहे. आम्ही नवं काही शिवत नाही, फक्त लोकांचे कपडे अंगाला बसवून देतो. उसवायचं, आत घ्यायचं, सैल करायचं. गिऱ्हाईक कधीच जाड होत नाही, कपडाच आटतो. आम्हीही माना डोलावतो, आमच्या बापाचं काय जातं!

संध्याकाळी घरी आले तर भांडी घासलेली, चादर ताणून घातलेली. मावशी येऊन गेली असणार. खरं सांगायचं तर बरं वाटलं. माझं अंथरूण कधी कुणी घातलं नव्हतं.

बुधवार, १२ मार्च

राखाडी झगा अंगात शिरेना. वाटलं, झाले मीही गिऱ्हाइकांसारखी. उलटा करून बघितला तर बगलेपासून कमरेपर्यंत शिवण आत घेतलेली. दुसऱ्याचा टाका मला चेहऱ्यासारखा ओळखू येतो. हा बारीक, दाबून घातलेला होता. बसून सगळा उसवला आणि होता तसा केला.

मावशीला विचारलं तर तिनं लगेच कबूल केलं. फार सैल होत होता गं, म्हणाली. मी म्हटलं, मला तर बरोबर बसत होता. ती माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघत राहिली. मग नळाला पाणी नीट येतं ना, असं विचारलं.

रविवार, १६ मार्च

वहिनीला फोन केला. ती हसली. फुकट शिवून देतेय तर तुझ्या पोटात का दुखतंय, म्हणाली. नाहीतर ये परत, बोळ रिकामाच आहे.

परत जायचं नाही. काही झालं तरी नाही.

आता सगळे कपडे आत घेतलेत. कोटसुद्धा. मी संध्याकाळी उसवते, दुसऱ्या दिवशी ते पुन्हा शिवलेले असतात.

मंगळवार, १८ मार्च

दुकानातल्या मास्तरांना सांगितलं. ते माझ्यापेक्षा जास्त चिडले. घर तिचं असेल, पण भाडेकरूच्या घरात विचारल्याशिवाय पाय टाकायचा नसतो, हे तिला तोंडावर सांग, म्हणाले.

सांगितलं. आधी विचारा आणि आतून हो आलं तरच या, असं म्हटलं. हात दाखवून अवलक्षण करून घेतेय की काय, अशी धाकधूक होती. पण ती मनापासून हसली. बरोबर आहे तुझं, म्हणाली, यापुढे विचारूनच येते.

शनिवार, २२ मार्च

कपडे पुन्हा आत घेतलेले.

समोरच्या घरात एक निवृत्त बाई राहतात, दिवसभर घरीच असतात. त्यांना विचारलं, मावशी अजून येतात का? हो, रोज दुपारी येतात, म्हणाल्या. दार वाजवतात, येऊ का म्हणून विचारतात, तुम्ही आतून या मावशी म्हणता, मगच आत जातात. चांगल्या वळणाच्या आहेत हो.

दुपारी मी दुकानात असते. हे त्यांना सांगितलं नाही. का, ते माहीत नाही. घरात येऊन चहा केला आणि प्यायले.

भीती वाटायला हवी होती. वाटतही असेल. शेजारी रेडिओ लागलेला असावा, तशी लांबून.

रविवार, २३ मार्च

माणूस बोलावून कुलूप बदललं. मावशी जिन्यावर उभी राहून बघत होती. अडवलं नाही. बदल हो, म्हणाली, आतली उघडेलच.

खोलीत माणूस मावेल अशी जागा एकच, कपाट. ते उघडायचं होतं. उद्या उघडेन.

मंगळवार, २५ मार्च

दुकानात गेले नाही. कडी लावून टेबलाशी बसले. दार वाजलं. येऊ का?

मी नको म्हटलं. मोठ्यानं. माझा आवाज मला ऐकू आला.

मग कपाटातून तोच आवाज. या मावशी.

कडी मी काढली नाही. कडी निघाली —

मावशी माझ्या जवळून गेली, सुई-दोरा घेऊन. कपाट उघडून त्यापुढे गुडघ्यांवर बसली. राखाडी झगा दिसला. भरलेला. छान बसलाय तिला. माझ्यापेक्षा बारीक आहे. चेहरा नाही बघितला.

मग मावशीनं मान वळवली आणि तिला विचारलं, ही कोण बाई न विचारता आत आलीय —

तेव्हाच, जिन्यावर

कशी बाहेर आले आठवत नाही. ही वही हातात आहे, किल्ली कमरेला. पाय अनवाणी.

किल्ली फिरते, दार उघडत नाही. आतून कडी.

समोरच्या बाईंनी दार किलकिलं केलं. कोण हवंय तुम्हाला, म्हणाल्या. म्हटलं, कुणी नाही.

दादाकडे — नको. तो बोळ नको. हे घर माझं आहे. माझं पहिलं —

रडूही येत नाही.

दार वाजवलं. हळू, नीट, चांगल्या वळणाच्या बाईसारखं. म्हटलं, येऊ का?

आतून माझ्याच आवाजात —