डेनीचा बिल्ला

२ ऑगस्ट, शुक्रवार

पोचलो एकदाचे. सात तास गाडी चालवून पाठ मोडली. आई सगळा रस्ता तोंड उघडं टाकून झोपली होती, आणि ओढ्यावरच्या लाकडी पुलावर चाकं खडखडली तशी टक्क जागी! "आलं की गं टॅमरॅक! मला उठवलं का नाहीस?" शहाऐंशी वर्षांची बाई, पण खिडकीची काच खाली करून अर्धी बाहेर.

तळ्याकाठच्या आमच्या केबिनला तोच वास. उंदीर, देवदाराचं लाकूड, जुनी कॉफी. खाटा झटकल्या, पंप सुरू केला, बिजागरीला तेल घातलं. हात चालू असले की बरं असतं.

निघताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "आईशी काही महत्त्वाचं बोलायचं असेल तर या उन्हाळ्यात बोलून घ्या. पुढच्या वर्षी त्या असतील, पण ऐकायला असतीलच असं नाही." मेमरीच्या गोळ्यांची चिठ्ठी लिहिता लिहिता म्हणाल्या, अगदी सहज. त्यांना काय ठाऊक माझ्याजवळ काय आहे ते.

दोन आठवडे आहेत हातात. सांगायचं म्हणजे सांगायचं.

३ ऑगस्ट

नाही सांगितलं.

४ ऑगस्ट, रविवार

सकाळी शेजारचा ओर्विल चार ट्राउट घेऊन आला. वय झालं, पण गळ टाकायचं सुटत नाही. आई पायरीवर बसली होती, आज एकदम लख्ख.

"अजून जिवंत आहेस होय रे तू?"

"तुझी परवानगी घ्यायला आलो, आर्डिस. म्हटलं विचारून मरावं."

"थांब मग. आधी मासे साफ कर."

मक्याच्या पिठात घोळवून तळले. आईनं दोन खाल्ले! मग बोटं चाटता चाटता म्हणाली, "ओर्विल, फळी लाव धक्क्यावर. माझ्या खाटेखाली आहे."

माझ्या हातातून काटा पडला.

बिल्ल्यांची फळी. पंचेचाळीस वर्षं खाटेखाली होती. बाबांनी केलेली — पाच खिळे, पाच लाकडी बिल्ले, प्रत्येकावर एकेकाचं नाव. एक बाजू लाल, एक पांढरी. पाण्यात उतरताना लाल करायचा, बाहेर आलं की पांढरा. पाच वाजता बाबा घंटा वाजवायचे आणि फळीवरून बोट फिरवत मोजायचे. एखादा जरी लाल दिसला तर त्याच मिनिटाला होडी पाण्यात. आणि नियम एकच — ज्याचा बिल्ला त्यानंच फिरवायचा. दुसऱ्यानं हात लावायचा नाही.

ओर्विलनं लावली. पाचही बिल्ले आहेत. आई, बाबा, माझा भाऊ रॉइस, मी. डेनी.

५ ऑगस्ट

आई दुपारी झोपलीय. इथं तरी लिहिते. कागद काय, ऐकून घेतो.

११ ऑगस्ट १९७९. मी बारा वर्षांची. डेनी पंधराचा आणि विसरभोळ्यांचा राजा. बाहेर यायचा आणि बिल्ला लालच ठेवून हुंदडायला जायचा. त्या आठवड्यात दोनदा झालं होतं. बाबांनी सांगून ठेवलं होतं, तिसऱ्यांदा विसरलास तर महिनाभर पाण्यात पाय नाही. चारच्या सुमाराला मी कणसं घेऊन धक्क्यावरून येत होते. कठड्यावर डेनीचा टॉवेल — ओला. बिल्ला लाल. म्हटलं, झालं! विसरला परत हा गाढव! बाबा होडीघरात होडीला रंग देत होते, त्यांनी बघण्याआधी मी पटकन बिल्ला फिरवला. पांढरा. भावाला वाचवलं म्हणून स्वतःवरच खूश होऊन कणसं सोलायला पायरीवर बसले.

टॉवेल सकाळचा ओला होता. डेनी दुसऱ्यांदा पोहायला गेला होता, टोकापलीकडच्या खडकापर्यंत. धक्क्यावरून तो खडक दिसत नाही.

पाचला बाबांनी घंटा वाजवली. मी पायरीवरून बघत होते. बोट फिरवलं, डेनीच्या बिल्ल्याशी जरा थांबलं, मग "पाच. सगळे बाहेर." आई वरून ओरडली, डेनी कुठाय? बाबा म्हणाले, ओर्विलकडे असेल.

दुसऱ्या दिवशी सापडला. पाय कापला होता त्याचा, खोल. स्वतःचा शर्ट फाडून घट्ट बांधला होता. खडकावर रक्त होतं, एकाच जागी, बराच वेळ बसल्यासारखं. शेवटी अंधार पडताना पाण्यात उतरला असणार, तशा पायानं.

तो वाट बघत होता. बिल्ला लाल ठेवून गेला होता, पाचला होडी येतेच हे त्याला पक्कं माहीत होतं. शहाण्यासारखा बसून राहिला आणि होडी गेली नाही.

६ ऑगस्ट

काल लिहून ठेवलं, वाटलं हलकं होईल. कसलं काय.

उरलेलंही लिहावं. मला लगेच फे मावशीकडे पाठवलं. महिनाभरानं परत आले तर बाबांची पेटी दारात. एवढंच कळलं होतं की आईचं म्हणणं, मर्लनं, म्हणजे बाबांनी, फळी बघितलीच नाही. बाबा म्हणाले असणार की बघितली, पांढरा होता, आणि आईनं त्यांना खोटं ठरवलं. असं मी तेव्हा धरलं. मला कुणी काही विचारलं नाही. मी वाट बघत होते, देवाशपथ. कुणी एकदा जरी विचारलं असतं ना, की नोला, तू बिल्ल्याला हात लावलास का, तर मी भडाभडा सगळं ओकले असते. नाहीच विचारलं.

बाबा जाताना माझ्यासमोर गुडघ्यावर बसले. "आईजवळ राहा. बाकीचं माझ्यावर सोड." मला वाटलं, खर्चाबद्दल, शाळेबद्दल बोलतायत.

स्पोकेन शहरात एका खोलीत एकटे राहिले, चोवीस वर्षं. तिथंच गेले. आई मयताला गेली नाही. मी गेले आणि तिथंही तोंड उघडलं नाही. किती नालायक असावं माणसानं!

आईला सांगितलं तर बाबा सुटतात. पण आईला एका वाक्यात दोन गोष्टी कळतात — मुलानं वाट बघत जीव सोडला तो मुलीच्या हातामुळे, आणि नवऱ्याला तिनं उगाच हाकललं. शहाऐंशीव्या वर्षी! नाही सांगितलं तर काही महिन्यांत तिच्या डोक्यातलं सगळं पुसलं जाईल, आणि पुसता पुसताही बाबा दोषीच राहतील. कायमचे.

७ ऑगस्ट

सकाळी हकलबेरीचे पॅनकेक केले, तिच्या आवडीचे. ती छान होती. मी "आई, बाबांबद्दल…" एवढंच म्हटलं.

"त्या माणसाचं नाव नको काढूस. सिरप दे."

सिरप दिलं.

८ ऑगस्ट

धूर. डोंगरापलीकडे तीन दिवस आग आहे म्हणे, वारा इकडे वळलाय. तळ्याचा पलीकडचा काठ दिसत नाही. आई खोकतेय. वनखात्याची पोरगी येऊन सांगून गेली, सामान बांधून तयार राहा, कधीही निघावं लागेल. रॉइसचा बॉइझीहून फोन. "ताबडतोब घेऊन ये तिला. कसला हट्ट करतेस?" माझे दोन आठवडे एका आठवड्यावरच आले. कुणीतरी मुद्दाम करतंय असं वाटतं.

९ ऑगस्ट, शुक्रवार

आई आत्ता झोपलीय.

दुपारी भांडी घासून बाहेर आले तर आई धक्क्यावर. अनवाणी. फळीसमोर उभी. डेनीचा बिल्ला लाल!

"कुणी गं पांढरा केला हा? तो आलाय कुठं बाहेर? मी इथंच आहे, मी बघितलं नाही त्याला येताना."

"आई, चल आत. धूर आहे."

"मर्लला बोलव! होडी काढायला सांग! पोरगं पाण्यात आहे आणि तुम्ही सगळे बसलात काय!" मला ढकललं तिनं. एवढी ताकद कुठून आली? मग तळ्याकडे तोंड करून हाका मारायला लागली. डेनीऽऽ. खोकायची आणि परत हाक. ओर्विल काठी टेकत आला. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "जा तू होडी घेऊन. मी हिला धरतो."

गेले. दुसरं काय करणार होते? वल्ही मारत धुरातून टोकाला वळसा घातला. तो खडक. इतक्या वर्षांत मी त्या बाजूला एकदाही गेले नव्हते. होडी टेकवली, खडकावर हात ठेवला. कोमट होता. धक्क्यापासून वीस मिनिटं. फक्त वीस मिनिटं लागतात! तिथंच ढसाढसा रडले. डेनीशी बोलले. काय बोलले ते इथं लिहीत नाही.

परत आले तर आई घोंगडी पांघरून शांत बसलेली.

"नव्हता?"

"नव्हता गं."

"मग ओर्विलकडे असेल," ती म्हणाली. आणि शेजारी ओर्विल, तिचा हात धरून, रडत होता.

१० ऑगस्ट

आई दिवसभर झोपून. मी तिच्या उशाशी. बिल्ला लालच आहे. मी हात लावणार नाही.

११ ऑगस्ट, रविवार

सांगितलं.

सकाळी उठली ती लख्ख. तारीखसुद्धा तिनंच सांगितली. "आज डेनीचा दिवस." कॉफी मागितली. मी कप ठेवला आणि तिथंच, उभ्या उभ्या, सगळं सांगून टाकलं. कणसं, टॉवेल, बिल्ला. वाक्यं नीट जुळवून ठेवली होती इतके दिवस, एकही आठवलं नाही. "मी फिरवला, आई. मी. बाबांना पांढराच दिसला. त्यांची चूक नव्हती."

तिनं कप बाजूला सरकवला.

"किती वाजता?"

"चारला. चारच्या सुमाराला."

"टॉवेल ओला होता म्हणून?"

"हो."

उठली. मी हात पुढं केला, तो तिनं धरला नाही. भिंतीला धरत खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. जेवली नाही. संध्याकाळी सूप दाराशी ठेवलं, गार झालं, उचलून आणलं. आतून आवाज नाही. दोनदा दाराला कान लावला, श्वास ऐकायला.

वाटलं होतं सुटेन. मारलं असतं, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. चूक केली का मी? माझ्यासाठीच सांगितलं का? बाबांचं नाव पुढं करून?

१२ ऑगस्ट

एक शब्द नाही. समोर बसते, टोस्ट कुरतडते, माझ्याकडे बघत नाही. विसरली का? की आठवतंय म्हणून? विचारायची हिंमत नाही.

उद्या दुपारपर्यंत सगळ्यांनी निघायचं असा हुकूम आलाय. राख पडतेय, गाडीच्या टपावर, वाळत घातलेल्या टॉवेलांवर. सामान बांधलं. फक्त फळी राहिलीय.

१३ ऑगस्ट, मंगळवार

ओढ्याच्या पुलाशी गाड्यांची रांग लागलीय, गाडी बंद करून लिहितेय. फळी आईच्या मांडीवर आहे. आत्ता बोलली, दोन दिवसांनी पहिल्यांदा. "पण नोला, मर्लनं तर मला बायबलवर हात ठेवून सांगितलं होतं. घंटा वाजवली आणि फळीकडे न बघताच वर आलो. माझीच चूक, म्हणाला."

न बघता? मी पायरीवर होते. बोट फिरवताना, डेनीच्या बिल्ल्याशी थांबताना, मी या डोळ्यांनी बघितलंय त्यांना.

पांढरा होता असं म्हणाले असते, तर आईनं पुढचं विचारलं असतं — मग फिरवला कुणी? ती स्वयंपाकघरात होती. रॉइस गावात गेला होता. उरलं कोण?

बाकीचं माझ्यावर सोड, म्हणाले होते.