सुतळीने बांधलेलं कोपर

बाबा,

तुमच्या नातीचं डावं कोपर अजून वाकडंच आहे. हात खाली सोडून उभी राहिली की मनगट अंगाकडे वळतं. तिला त्याचं काही वाटत नाही. ब्लाउजचं माप देताना शिवणारी बाई विचारते, तेवढ्यापुरती तिला आठवण होते. मला मात्र ते रोज दिसतं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला आता डोळे मिटावे लागतात. त्या तीन दिवसांसाठी मात्र काही करावं लागत नाही, ते आपणहून समोर येतात.

मी उन्हाळ्याची माहेरी आले होते. पोरगी सहा वर्षांची होती. तलावाच्या पाळीवर जांभळाचं झाड होतं, त्याची फांदी तिच्याखाली मोडली आणि ती हातावर पडली. तुम्ही तिथेच जाळं दुरुस्त करत बसला होतात. तुम्हीच तिला उचलून घरी आणलं. आपल्या घरी मासे धरून पोट भरायचं आणि हाडं बसवून मान मिळवायचा, असं पिढ्यांपासून चालत आलेलं. सिंदेवाहीपर्यंतची माणसं मोडलेले हातपाय घेऊन आपल्या अंगणात यायची. तुम्ही डोळे मिटून तिचं कोपर चाचपलं, हात ओढला, ती एकदाच किंचाळली आणि तुम्ही म्हणालात, "बसलं." मग हाडजोडीच्या वेलीचा ठेचा आणि उडदाचं पीठ कालवून लेप लावला, वर बांबूच्या कामट्या ठेवल्या आणि जाळं विणायच्या, सणाच्या वाखाच्या सुतळीने बांधलं. गाठही जाळ्याचीच, कधी न सरकणारी. तिच्या हातावर तुमची बोटं किती हलकी चालत होती, ते मी बघत होते. मला काळजी वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जंगलातल्या लाकूड डेपोवरून बैलबंडी आली. सागाच्या ओंडक्याखाली एकाची मांडी सापडली होती. बंडीत चढता चढता तुम्ही मला म्हणालात, "लेप सुकू देऊ नको, पाणी शिंपत राहाजो. अन् गाठीले कोणी हात लावू नका, मी आल्यावर सोडीन." गाठीचं सांगायची गरजच नव्हती. ज्याने गाठ बांधली त्यानेच ती सोडायची, दुसऱ्याचा हात लागला तर बसलेलं हाड उसवतं, हे मी चालायला लागल्यापासून ऐकत आले होते.

दुपार होते. पोरगी कोपरासाठी रडत नाही, बोटांसाठी रडते. "माय, बोटायले मुंग्या चावून राह्यल्या." मी पाणी शिंपते. थोड्या वेळाने म्हणते, "माय, हे बोटं माह्ये नाईत." मी हात लावून बघते तर बोटं गार आहेत. बाहेर ऊन पेटलंय आणि तिची बोटं पाण्यातून काढल्यासारखी गार. नखं काळसर निळी दिसतात. आत्याबाई, तुमची मोठी बहीण, दारात पाय पसरून तांदूळ निवडत बसली आहे. मी तिला बोलावते. ती बघते, नखं तिलाही दिसतात, पण ती म्हणते, "हाड बसलं का दुखतेच. माह्या भावानं हत्तीएवढ्या माणसायचे पाय बसवले, अन् तू त्याले शिकवून राह्यली?"

मी पुन्हा पाणी शिंपते आणि या वेळी हात न काढता बघत राहते. तेव्हा मला दिसतं. सुतळी मांसात आणखी आत गेली आहे. बाबा, ओलं जाळं मी लहानपणापासून उन्हात पसरत आले. भिजली की सणाची सुतळी आखडते, गाठ दाताने सुटत नाही, वाळली की सैल पडते, हे आपल्या घरात कोणाला ठाऊक नव्हतं? तुम्हालाही होतं आणि मलाही. पण जाळं ते जाळं आणि हात तो हात. तुम्ही मला पाणी शिंपायला सांगून गेलात आणि मी सकाळपासून शिंपत होते. आत हात सुजत होता आणि बाहेरून मी फास आवळत होते.

मी तांब्या बाजूला ठेवते. "लेप सुकला तं हाड जुळत नाई," आत्याबाई म्हणते. मी पोरीची करंगळी धरून जराशी सरळ करते आणि ती अशी ओरडते की पडतानाही तशी ओरडली नव्हती.

"आत्याबाई, मी सोडतो."

"तुह्या बापानं नाई म्हटलं ना?"

"ते उद्या येतीन. तोवर बोटं राहतीन का?"

"अन् हाड उसवलं तं? जल्मभर लुळा हात घेऊन बसन पोट्टी. कोन बायको करन तिले?"

तेच भय मलाही होतं. आत्याबाई शेजारणींना हाका मारायला अंगणात गेली आणि मी विळा घेतला. सुतळीखाली पातं जाईना, म्हणून कामटीवरून जाते तिथे कापली. तुटताना ती तटकन उडाली. कामट्या मी तशाच ठेवल्या, हात उशीवर टेकवला आणि लुगड्याची चिंधी सैल गुंडाळली. मग बसले. बराच वेळ काहीच झालं नाही. बाया येऊन बघून गेल्या. मग पोरगी म्हणाली, "माय, बोटायची आग होऊन राह्यली." तिला आग होते म्हणून मला इतका आनंद झाला की मी तिच्यासमोरच रडले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुम्ही आलात, तेव्हा अंगणात माणसं होती. आत्याबाईने सुतळीचे तुकडे ताटलीत घालून ठेवले होते. तुम्ही पाय धुतले, आत आलात, पोरीचं एकेक नख दाबून सोडलंत, रंग परततो का बघितलंत. "मूठ बांध, माय." पोरीने बांधली. मग बाहेर जाऊन म्हणालात, "मीच सांगून गेलतो तिले. सूज आली तं सोडजो म्हणून."

"माह्यासमोर कधी सांगतलं?" आत्याबाई.

"तू तवा चुलीपाशी होती."

लोक हसले आणि उठून गेले. याबद्दल माझ्याशी तुम्ही त्या दिवशी बोलला नाहीत, पुढेही कधी नाही. पण त्यानंतर लेकरांचे हात तुम्ही धोतराच्या चिंध्यांनी बांधायला लागलात, असं मला दुसऱ्यांकडून कळलं.

माझा नवरा गेल्यावर मी लेकीच्या पुस्तकांवरून वाचायला शिकले. पुढे शरीराबद्दलचं एक पुस्तक हाती लागलं, ते बोट ठेवून ठेवून वाचलं. लेकरांच्या हाडांची टोकं अजून हाडं नसतात, कानाच्या वरच्या भागासारखी लवचिक कूर्चा असते आणि तिथूनच हाड वाढतं. म्हातारपणी सांध्यातली तसलीच कूर्चा झिजते, म्हणून माझे गुडघे आता कुरकुर करतात. कोपराच्या पुढून हाताची मोठी रक्तवाहिनी जाते. ती आवळली गेली की हातातलं मांस मरतं आणि बोटं कायमची आत वळून जातात. ते वाचून मी पुस्तक मिटलं, मग पुन्हा उघडलं. वाकडेपणाचंही त्यात होतं. मोडलेला तुकडा थोडा फिरून बसला तर हाड वाकडं जुळतं, आणि सुजेतून ते बाहेरून कळणं कठीण. म्हणजे बाबा, माझ्या सोडण्याने ते वाकडं झालं नाही. आत्याबाई मात्र मरेपर्यंत माझ्या सोडण्यानेच झालं म्हणत राहिली. तुम्ही नातीचं कोपर बघायचात आणि मान फिरवायचात. मनात मला दोष देत होतात की स्वतःला, ते मला कधी समजलं नाही. मला देत असाल तर ते चूक होतं. स्वतःला देत असाल, तर तुमच्या बोटांना जेवढं दिसलं तेवढं तुम्ही केलं होतं.

हे कागद कुठे पाठवायचे नाहीत, म्हणून एवढं लिहिता आलं. कोणी विचारलं तर मी आजही सांगते की बाबांनीच सोडायला सांगितलं होतं. तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात, ते मी मोडणार नाही. पण खरं हे की तुम्ही त्या दुपारी घरी असतात, समोर बसून नाही म्हणाला असतात, तरी मी सोडलं असतं.