जाऊ दिसू नये म्हणून लावलेली झाडं

३ फेब्रु., मंगळ
अंबरनाथवाल्यांचा फोन. नकार. मुलाची आई आधी गोड बोलली, मग म्हणाली, "मुलीला फिट येते हे आम्हाला बाहेरून कळावं, हे बरं नाही वाटलं."
बाहेरून! कोणाकडून ते विचारायची गरजच नाही. रविवारी ती माणसं चहा घेऊन मागच्या ओट्यावर उभी होती, तेव्हा जाळीपलीकडून मोठ्या जाऊबाई मुलाच्या मावशीशी कुजबुजत होत्या. या डोळ्यांनी बघितलं.
सोनलला येते कधीतरी फिट. गोळी चालू आहे. पोरगी नोकरी करते, घर सांभाळते. एवढ्यासाठी कोण दवंडी पिटतं?
हे म्हणाले, "वहिनी मुद्दाम नाय करायची." ह्यांचं नेहमीचंच.

५ फेब्रु.
बिल्डरला दिलेलं शेत दोघा भावांचं, म्हणून त्याने तळमजल्याचे फ्लॅटही शेजारी-शेजारी दिले. दोघांच्या ओट्यांमध्ये नुसती जाळी. तेव्हा सगळ्यांना केवढं कौतुक, जावा-जावा गप्पा मारतील म्हणून.
सकाळी कपडे वाळत घालत होते. मोठी जाळीशी येऊन, "काय गो, बरं नाय का तुला?" ओला टॉवेल तिच्या तोंडासमोर झटकला आणि आत आले.

८ फेब्रु., रवि
हिचं तोंड बघायचं नाही. ह्यांना म्हटलं, जाळीला पत्रा ठोका. "दादा भांडेल. सोसायटीवाले वेगळे येतील."
दुपारी सोनलच्या मोबाईलवर उभी बाग बघितली. भिंतभर कुंड्या, खाली वीतभर जागा पुरते. झाडांना कोण हरकत घेणार? ठरलं. सोनल खूश, आईला छंद लागला. लागू दे.

१४ फेब्रु.
उल्हासनगर, कॅम्प चारला जाऊन लोखंडी फ्रेम सांगितली. कारखान्याच्या सिंधी शेठने विचारलं, "भाभी, गार्डन बनाना है के पार्टिशन?"
"दोनो. आरपार नहीं दिखना चाहिए."
"पडोसी से खिटपिट?"
"जेठानी से."
हसायचा थांबला. "फिर तो हाइट बढाओ."
इतक्या दिवसांत पहिला माणूस भेटला ज्याला माझं म्हणणं कळलं.

२२ फेब्रु., रवि
फ्रेम बसली. नुसती माती जड होते, म्हणून कोकोपीट आणि शेणखत जास्त. मधल्या ओळींत मनी प्लांट, सिंगोनियम. पानं रुंद हवीत.
मोठी पलीकडे लसूण सोलत बसली होती. आम्ही खालून वर कुंड्या अडकवत गेलो. आधी तिचे पाय गेले, मग मांडीवरचं सूप, मग पोट. शेवटी कपाळावरचं कुंकू. ती जागची हलली नाही.
रात्री छान झोप लागली.

११ मार्च
वरची ओळ करपली, खालची कुजली. वरून घातलेलं पाणी सगळं खालीच जमतं. आता वर उन्हातली ऑफिसटाईमची फुलं, खाली नेचे. मनी प्लांट मात्र चढतोय.
पानांमागून आवाज: "तुझं पानी माझ्या ओट्यावर येतं. पापड भिजले सगले."
"झाडांना सांगा," म्हटलं.
महिन्याभरातले पहिले शब्द. दिवसभर अंगात तरतरी.

२६ मार्च
मधल्या ओळीत भोक. माणसाचं तोंड दिसेल एवढं. वेल बाजूला सारून सुतळीने बांधलेले. सुतळी कापली, वेल परत पसरले. ह्यांना दाखवलं तर म्हणे वारा असेल. वारा सुतळी बांधतो!

२९ मार्च, रवि
परत भोक. या वेळी एक कुंडीच काढून खाली ठेवलेली.
तडक तिच्या दारात गेले. भाकऱ्या थापत होती. "माझ्या पोरीचं लग्न मोडलंस, आता झाडं पण मोडतेस?" आजपर्यंत तिला कधी 'तू' म्हटलं नव्हतं. आज निघालं. आणखी बरंच निघालं. वरच्या मजल्यावरचे जिन्यात आले. मोठे भावजी पेपर घेऊन बाथरूमच्या दिशेने.
तिने सगळं ऐकून घेतलं. पिठाचे हात तसेच. मग म्हणाली, "तुझ्या पोरीला इचार," आणि कोपराने दार लोटलं.

घरी आले. सोनल उभीच होती.
"भोक मी पाडलं, आई. आणि अंबरनाथवाल्यांना सांग असं काकूला मीच म्हटलं होतं."
म्हटलं, वेडी झालीस का.
"तुला कितीदा बोलले, आपण सांगून टाकू. तू म्हणालीस, लग्नानंतर गोळ्या बडीशेपच्या डबीत ठेव. मी तिकडे पडले असते तर? काय करायचं ते तरी त्यांना माहीत असतं का?"
"मग स्वतः का नाही बोललीस?"
"तुझ्यासमोर?"
हात उठला माझा. खाली घेतला. ती जेवायला पलीकडे गेली.

३१ मार्च
झोप नाही. सोनलचं समजू शकते. म्हणजे, समजेल. पण मोठीने मला एका शब्दाने सांगायचं होतं की पोरीनेच सांगितलंय. इतके दिवस मुकाट माझं ऐकून घेतलं. तिला चांगलं दिसायचं होतं. आणि माझी पोर माझ्या घरात बोलू शकत नाही ते तिच्याशी बोलते, जाळीतून, मी झाडांना पाणी घालून आत गेले की.

४ एप्रिल
भोक बुजवलं नाही. बुजवलं तर सोनल बोलायची तेवढंही बोलणार नाही. त्या बाजूला बघत नाही मी, एवढंच.

१२ एप्रिल, रवि
खरवईचं स्थळ. सोनलने मुलाला स्वतः फोन करून सगळं सांगितलं. फिट, गोळी, मागच्या दिवाळीतलं पडणंसुद्धा. मला नंतर कळलं. तरी पुढच्या रविवारी येतायत. हे खूश. मला अजून भीतीच वाटतेय, माणसं फोनवर एक बोलतात.
संध्याकाळी सोनल म्हणाली, "काकू पण बसेल रविवारी. ती नसेल तर मी बाहेर येणार नाही."
"मग तूच बोलाव."
"ती म्हणते, तू बोलावलंस तरच."
ओट्यावर गेले. पाईप हातात, नळ सुरू केला नाही. पलीकडे मोठीची बांगडी वाजली, म्हणजे होती ती तिथे. मी आहे हे तिलाही दिसत असणार. खाकरले. बोलवायचं म्हणून तोंड उघडलं, आणि पाईप गुंडाळून आत आले.
रविवारला अजून आठवडा आहे.