सापडलेली सुलूआत्या

रत्नागिरी, रविवार, संध्याकाळ

केळशीहून परत आले, पण मन थाऱ्यावर नाही. पणजोबा बाप्टिस्ट चर्चचे पाळक. त्यांची वंशावळ जुळवताना त्यांच्या धाकट्या मुलाचं पुढे काय झालं, ते कळत नव्हतं. त्याने लग्नासाठी चर्च सोडलं, आडनावही बदललं, एवढंच ऐकलेलं. आज त्याची मुलगी भेटली. सुलूआत्या. हनुवटी थेट बाबांची!

चहा दिला, पण आधी आतलं दार ओढून घेतलं. मग म्हणाल्या, "आमचं नाव नको हो घालूस त्यात. नातीचं लग्न ठरलंय. सासरच्यांना यातलं काही ठाऊक नाही."

मी "बरं" म्हटलं. का म्हटलं? आम्ही काय चोर आहोत? राग आला होता खरा, पण बोलताना ती हनुवटी थरथरत होती. बाबांचीही अशीच थरथरायची.

निघाले तर आत्या कुंपणाच्या बेड्यापर्यंत सोबत आल्या. मागे वळून घराकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "माझ्या आजोबांना, तुझ्या पणजोबांना, कुठे पुरलंय गो?"

"रत्नागिरीतच."

"मला एकदा नेशील? घरात कोणाला सांगू नको."

हो म्हणून बसले. आता तिथे कोणी ओळखीचं भेटलं आणि विचारलं, या कोण, तर काय सांगू?