संत्र्याच्या पेटीतले कागद

हैदराबाद

बाबा, पाया पडतो.

पण ते कागद कोरे नव्हते म्हणजे नव्हते! फोनवर तुमी मधातच कापता, म्हणून लिहून पाठवून राहिलो. पूनमनं उतरवलेला बारावीचा इतिहास तुमी संत्र्याच्या पेट्यांत अंथरला, अन वरून म्हणता, "शाईचा ठिपका नव्हता, मले काय माहीत?" तिले दिसत नाही बाबा, शाई काय करेल ती? ब्रेलच्या पाटीत जाड कागद अडकवून टोचणीनं उजवीकडून एकेक टिंब टोचते, मग कागद पलटवून बोटानं वाचते. मनगट सुजते तिचं. ते सगळं नागपूरच्या मंडीत गेलं!

म्हणे रडली नाही. तुमच्यासमोर कशी रडेल? मले म्हणाली, "दादा, बाबाले बोलू नको, मालाची घाई होती." तिले तुमची काळजी, अन तुमाले?

मी बरा आहे, दोन टाइम जेवतो. आईचा गुडघा कसा आहे? तुमचा खोकला?

परीक्षा होळीच्या आधी आहे. आता पुस्तक तुमीच वाचून दाखवा, माझ्याहून दोन वर्ग जास्त शिकले तुमी. हळू वाचा, तिचा हात थांबला की पुढची ओळ घ्या.

जाड कागदासाठी आठशे रुपये पाठवून राहिलो.

तुमचा कुलदीप