बदललेली चार पानं

१४ मार्च, मंगळवार

प्रिय दादा,

नमस्कार. इथे सगळं ठीक. वहिनीचा गुडघा आता कसा आहे? भाचीची शेवटची परीक्षा संपली असेल, तिला माझा गोड पापा. माझा खोकला गेला, पण आवाज अजून बसलेलाच आहे, म्हणून फोन न करता लिहिते आहे. हे एक कारण. दुसरं असं, की फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

आत्याच्या स्मरणपुस्तिकेसाठी तू आठवणी मागितल्या होत्यास. "छान, हळवं काहीतरी लिही, दोन पानांत आटप," म्हणालास. ती एक्क्याण्णव वर्षं जगली, त्याला मी काय करू?

आई गेली तेव्हा तू सात वर्षांचा, मी चार. बाबा बोटीवर, वर्षातून एकदा दिसणारे. आत्या अडतीस वर्षांची होती आणि उशिरा का होईना, तिचं लग्न ठरलं होतं. नकाशे काढणाऱ्या एका माणसाशी. तो म्हणाला, "पोरं नकोत." ती म्हणाली, "मग मीही नको." हे तिनं पुढे आपल्याला हसत हसत सांगितलं, जणू एखादी बस चुकली होती.

पुस्तकबांधणीच्या कारखान्यात ती चौपन्न वर्षं होती. तिथं तिला सरसबाई म्हणायचे. हाताला कायम पुठ्ठे चिकटवायच्या सरसाचा वास, आणि कामात सगळ्यांहून सरस. कापणीच्या यंत्रात डाव्या तर्जनीचं टोक गेलं, तर नवव्या दिवशी कामावर हजर. "नऊ बोटं शाबूत आहेत, त्यांना घरी बसवून काय करू?" छपाईत बिघडलेले कागद ती घरी आणायची आणि त्यातल्या गोष्टी आपल्याला वाचून दाखवायची. शेवटची पानं बहुतेकदा नसायचीच. मग शेवट ती स्वतः रचायची, आणि त्यात दुष्ट माणसाची कधी गय व्हायची नाही.

तू दातांचा डॉक्टर व्हायला निघालास, तेव्हा वरच्या वर्गातल्या मुलांची फाटकी पुस्तकं आणून तिनं ती उसवली, पुन्हा शिवली, नवे पुठ्ठे चढवले, वर तुझं नाव सोनेरी अक्षरांत उमटवलं. का, तर चारचौघांत तुला मान खाली घालावी लागू नये.

आता पुढचं. हे तुला हळवं वाटणार नाही.

गेल्या एप्रिलमध्ये तू तिला सांगितलंस, "डोळ्यांचं ऑपरेशन आहे, त्यासाठी पंधरा दिवस बाहेर राहायचंय." तिनं एका पिशवीत दोन जोड कपडे भरले. तू तिला नेलंस ते वृद्धाश्रमात. तिथल्या वहीत 'मुक्काम' या शब्दापुढे 'कायम' असं तुझ्या अक्षरात लिहिलंय. मी पाहिलंय. ऑपरेशन झालंच नाही. त्याच महिन्यात तिच्या खोलीची भिंत पाडलीस आणि शेजारच्या तुझ्या दवाखान्यातली पेशंटांची बसायची जागा ऐसपैस झाली. वृद्धाश्रमातली परिचारिका सांगत होती, दर रविवारी नाश्ता झाला की आत्या ती पिशवी मांडीवर घेऊन दाराजवळच्या खुर्चीत बसायची. दहा महिने. तू तीनदा गेलास.

पुस्तिका तिच्या जुन्या कारखान्यातच बांधायला होती. तिथल्या मुकादमाला तिनंच काम शिकवलेलं. त्यानं तुझा लेख नजरेखालून घालायला मला बोलावलं. 'शेवटपर्यंत तिची सेवा करण्याचं भाग्य मला लाभलं.' मुकादमानं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"ताई, हे असंच शिवू?"

"नको," म्हटलं.

तुझी चार पानं आम्ही काढली. त्या जागी मी लिहिलेली चार घातली. त्यात तारखा आहेत, वृद्धाश्रमाच्या वहीतलं ते पान आहे, परिचारिकेनं सही करून दिलेली हकीकत आहे. तीनशे प्रती काल टपालात पडल्या, तुझ्याच यादीप्रमाणे. दातांच्या डॉक्टरांची तुमची संघटना, तुझे मेहुणे, शेजारी, जुने पेशंट, झाडून सगळे. तुला थांबवता येऊ नये, म्हणूनच हे पत्र आज टाकते आहे, काल नाही.

लाजही वाटत नाही रे. उलट फार दिवसांनी बरं वाटलं.

एक गोष्ट मात्र चार वेळा लिहून खोडली. जानेवारीत तिनं मला विचारलं, "माझी खोली आहे ना गं?" मला सगळं माहीत होतं. तरी म्हणाले, "आहे की, तशीच आहे." मला तिला माझ्याकडे आणता आलं असतं. मी एकटी, दोन खोल्या. पण म्हटलं, उन्हाळ्यात बघू. तिनं माझा हात थोपटला. "तुला खोटं बोलायला जमत नाही गं. त्याला जमतं. त्याला काही बोलू नकोस हं. शब्द दे."

मी दिला. तीन आठवड्यांनी ती गेली.

तो शब्द मी मोडला आहे. आणि माझं खोटंही छापलं आहे, चौथ्या पानावर, माझ्या नावासकट. तुझ्याकडे बोट दाखवून मला सुटायचं नाही. तू सुटू नयेस, एवढंच हवंय.

शनिवारी शोकसभेत माझ्या शेजारची खुर्ची तुझ्यासाठी धरून ठेवते. नाही आलास तर लोक विचारतील. आलास तर बघतील.

आत्यानं जिला तुझ्याइतकंच वाढवलं
आणि जिनं तिला तुझ्याइतकंच फसवलं,
ती तुझी धाकटी बहीण